मराठी इनस्क्रिप्ट, लॅमिंग्टन रोडचे स्टिकर आणि ऑल्ट-शिफ्टची कटकट

दादरला प्रॉपर्टीची कागदपत्रं करणाऱ्या एका छोट्या ऑफिसात कामाला आहे. दिवसभर टायपिंग मराठीच, पण निव्वळ मराठी असं एक पान सापडायचं नाही, कारण एका ओळीत 'लिहून देणार', त्याच ओळीत त्यांचा पॅन नंबर, खाली ईमेल आयडी, मग सीटीएस (सिटी सर्व्हे) नंबर, मग परत 'लिहून घेणार', आणि पॅन आणि ईमेल काही देवनागरीत लिहून चालत नाही. म्हणजे दर दोन ओळींना कीबोर्ड मराठीतून इंग्रजीत आणि परत. तर हा रिव्ह्यू त्याबद्दल आहे: विंडोजमधला मराठी इनस्क्रिप्ट लेआउट, म्हणजे कुठल्या बटणावर कुठलं अक्षर ह्याची सरकारी मांडणी, त्यासाठी घेतलेले अक्षरांचे स्टिकर, आणि सगळ्यात जास्त म्हणजे ती भाषा बदलायची बटणं. निकाल आधीच सांगून टाकतो, लेआउट एक नंबर, स्टिकर ठीकठाक, आणि भाषा बदलायची जी पद्धत विंडोजमध्ये आधीपासून लावलेली असते ती रोजच्या कामाला कुचकामी, पण ती बदलता येते आणि बदलल्यावर सगळा खेळच पालटतो.

आधी फोनेटिक वापरायचो. मे २०१९ च्या विंडोज १० अपडेटपासून मराठी फोनेटिक कीबोर्ड विंडोजमध्येच येतो, वेगळं काही डाउनलोड करावं लागत नाही, इंग्रजी अक्षरांत लिहा आणि खाली मराठी शब्दांची यादी येते त्यातला निवडा. व्हॉट्सॲपला, मेलला, दोन ओळींच्या नोटिशीला मस्तच आहे आणि ज्याला शिकायला वेळ नाही त्याने तेच वापरावं, त्यात काही कमीपणा नाही. पण करारनाम्यात आडनावं असतात आणि आडनावं यादीतून निवडायची गोष्ट नाही. त आणि ट, न आणि ण, ल आणि ळ ह्या जोड्यांत इंग्रजी अक्षर एकच, मग यादीत वर तो शब्द येतो जो जास्त लोक लिहितात, तुमच्या पार्टीचं आडनाव नाही. घाईत स्पेस दाबली की झालं, माणूसच बदलला, आणि रजिस्ट्रेशन झाल्यावर ते लक्षात आलं तर चूक दुरुस्ती पत्र करत बसा. शिवाय फोनेटिकमध्ये डोळे सतत त्या यादीवर. समोरच्या कागदावरून बघून टाइप करणाऱ्याला हे परवडत नाही, मान सारखी कागद, स्क्रीन, कागद, स्क्रीन.

इनस्क्रिप्टचं तसं नाही, जे बटण दाबलं तेच अक्षर, मध्ये कोणी अंदाज बांधणारा नाही. हा लेआउट सरकारी आहे म्हणून लोक आधीच नाक मुरडतात, पण ज्याने कोणी बसून आखला त्याने वर्णमाला समोर ठेवून आखलाय हे वापरताना कळतं. १९८६ साली इलेक्ट्रॉनिक्स विभागाने तो ठरवला आणि भारतीय लिप्या कॉम्प्युटरवर लिहायच्या १९९१ च्या इस्की मानकात, म्हणजे आयएस १३१९४ मध्ये, तो आहे. डाव्या हाताला सगळे स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. के वर क, शिफ्ट धरून तेच दाबलं की ख. त्याच्या बरोब्बर वरच्या आय वर ग आणि शिफ्टने घ. एल वर त-थ, वरच्या ओ वर द-ध. शेजारच्या अर्धविरामाच्या बटणावर च-छ, वरच्या पी वर ज-झ. एच वर प-फ, वरच्या वाय वर ब-भ. म्हणजे शाळेत पाठ केलेले वर्ग बोटांखाली उभे मांडून ठेवलेत, एक बोट वर सरकलं की क चा ग होतो, शिफ्ट धरली की हकार लागतो, हे एकदा डोक्यात शिरलं की निम्मा कीबोर्ड पाठ. स्वरांचंही तसंच, नुसतं बटण म्हणजे मात्रा, शिफ्ट म्हणजे अख्खा स्वर, ई वर काना आणि शिफ्ट-ई ला आ. डी वर हलन्त, म्हणजे अक्षराचा पाय मोडायचं चिन्ह, आणि शिफ्ट-डी ला अ, ते दिवसातून इतक्या वेळा लागतं की डाव्या हाताचं मधलं बोट आपोआप तिथेच विसावतं.

दादर लिहायचं तर ओ, ई, ओ, जे. चार बटणं, शिफ्ट एकदाही नाही. परळ म्हणजे एच, जे आणि शिफ्ट-एन. मुंबई पाच बटणांत होतं. व्यंजन उजव्या हाताने, मात्रा डाव्या, परत व्यंजन उजव्या, असे हात आलटून पालटून चालतात त्यामुळे एक लय येते आणि ती लय लागली की खरंच मजा येते, इंग्रजी टायपिंगमध्ये मला तशी कधी आली नाही.

खास मराठीची म्हणून जी अक्षरं आहेत ती इथे नीट सापडतात. ळ सांगितलाच. पण सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे शिफ्ट-जे वरचा ऱ. दर्या लिहायचं तर द, साधा र, हलन्त, य, काना. दऱ्या लिहायचं तर तेच सगळं फक्त र च्या ऐवजी शिफ्ट-जे. बस. फोनेटिकमध्ये ह्या दोघांसाठी इंग्रजी अक्षरं तीच, मग यादीत खालीवर शोधा. 'दुसऱ्या', 'शेतकऱ्याने', 'खरेदी करणाऱ्यास' असल्या शब्दांनी आमचे करारनामे भरलेले असतात. तिथे किती वेळ वाचतो ते लिहिणाऱ्यालाच कळेल.

ॲ ची मात्र गंमत आहे, गंमत म्हणजे डोकेदुखी. हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला नंबर देणाऱ्या जागतिक मानकात, आलं २००८ मध्ये, आवृत्ती ५.१ ला. त्याच्या आधी लोक अ लिहून वर चंद्र द्यायचे आणि आजही कितीतरी जण तसंच लिहितात. दिसायला दोन्ही सारखंच, कॉम्प्युटरच्या लेखी मात्र दोन वेगळ्या गोष्टी, आणि ह्या दोन्ही एकच समजा असं युनिकोडमध्ये कुठेही म्हटलेलं नाही. त्यामुळे फाइलमध्ये 'ॲड.' शोधलं, म्हणजे ॲडव्होकेटचं, तर अर्धे वकील सापडतात आणि अर्धे नाहीत. ह्यावर उपाय एकच, ऑफिसात सगळ्यांनी एकच पद्धत ठरवायची. बाहेरून आलेल्या फाइलीत एकदा फाइंड-रिप्लेस मारून घ्यायचं.

आमच्याकडे एक जुने टायपिस्ट काका आहेत, टाइपरायटरवर हात बसलेला, मिनिटाला ३० आणि ४० शब्दांच्या परीक्षा केव्हाच्या दिलेल्या, त्यांना इनस्क्रिप्ट दाखवला तर दोन मिनिटांत म्हणाले, "हे उलटं आहे रे सगळं." आणि त्यांच्या बाजूने बघितलं तर बरोबरच आहे. टाइपरायटरच्या पद्धतीत पहिली वेलांटी आधी ठोकायची आणि मग अक्षर, कारण कागदावर ती आधी उमटते. इनस्क्रिप्टमध्ये बोलतो तसं, आधी क मग वेलांटी, आणि ती स्क्रीनवर आपोआप क च्या आधी जाऊन बसते. रफाराचं बरोब्बर उलटं, टाइपरायटरवर तो अक्षरानंतर डोक्यावर चढवायचा, इथे र आणि हलन्त आधी. ज्याची आयुष्यभराची सवय तशी आहे त्याला हे शिकवायला जाऊ नका, त्यांना रेमिंग्टनचा, म्हणजे टाइपरायटरचाच, लेआउट युनिकोडमध्ये लावून द्या, फाइल युनिकोडच हवी एवढंच बघा, कुठल्या बटणाने लिहिली ह्याच्याशी कोणाला काय करायचंय. सरकारी लिपिक-टंकलेखकाच्या जाहिरातीत अजून मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रति मिनिट मागतात आणि क्लासेसमध्ये जे शिकवतात ते बहुतेक ठिकाणी टाइपरायटरच्याच वळणाचं. त्यामुळे परीक्षेसाठी शिकत असाल तर आधी क्लासला विचारा कुठला लेआउट आणि मगच हात बसवा, दोन्ही एकदम शिकायला गेलात तर धड एकही बसत नाही.

अजून एक, बॅकस्पेसने शेवटचं चिन्ह एकेक करून पुसलं जातं, म्हणजे 'क्षि' लिहून बॅकस्पेस मारला तर फक्त वेलांटी जाते, क्ष राहतो. डिलीटचं बटण मात्र कर्सरच्या पुढचं अख्खं जोडाक्षर एका फटक्यात उडवतं. सुरुवातीला हे विचित्र वाटतं, नंतर हेच सोयीचं वाटायला लागतं, मात्रा चुकली तर पूर्ण अक्षर परत लिहावं लागत नाही. शेजारच्या टेबलावरचा गुजराती मित्र हाच लेआउट गुजरातीसाठी वापरतो, क जिथे माझा तिथेच त्याचा, कारण इनस्क्रिप्ट बहुतेक भारतीय लिप्यांना एकाच सांगाड्यावर बसवलाय. त्याच्या मशीनवर गुजराती लावून मी त्याचं नाव लिहिलं तर म्हणाला "तुला गुजराती कधीपासून येतं रे?"

आता मुख्य दुखणं. इंग्रजी-मराठी बदलायचं कसं.

विंडोजमध्ये विंडोजचं बटण आणि स्पेस दाबलं की पुढचा कीबोर्ड येतो. डावा ऑल्ट आणि शिफ्टने भाषा बदलते. कंट्रोल-शिफ्टने त्याच भाषेतला दुसरा लेआउट, म्हणजे मराठीत इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक दोन्ही ठेवले असतील तर त्यांच्यात उडी. तिन्हींचा प्रॉब्लेम एकच, बटण तेच आणि परिणाम आत्ता कुठे आहात त्यावर. जिन्यातल्या दिव्याला खाली एक आणि वर एक बटण असतं ना, बटण बघून दिवा चालू का बंद ते सांगता येत नाही, तसं. कीबोर्ड मराठीत आहे का इंग्रजीत हे कळायला खाली उजव्या कोपऱ्यात बघावं लागतं आणि टाइप करणारा माणूस तिथे बघत नाही, तो कागदाकडे बघत असतो. मग ईमेलच्या शेवटी थँक्स लिहायला जातो आणि वर बघतो तर 'ऊपोलके'. हॅलो लिहिलं की 'पाततद'. सर्च बॉक्समध्ये सीएमडी मारलं की 'मस्'. इंग्रजीत मुंबई लिहिलं की 'शहसवोग', हे तर आता आमच्या ऑफिसात कोणी गोंधळ घातला की म्हणतात, "काय रे, शहसवोग झालं का?"

आणि यादीत दोनच्या जागी तीन कीबोर्ड असले की वाट लागते. इंग्रजी यूएस, इंग्रजी इंडिया, मराठी. तिघांत फिरताना एकदा दाबून मराठी येईल का दोनदा, ते आधी कुठे होतो त्यावर. म्हणून पहिलं काम, भाषांच्या सेटिंगमध्ये जाऊन इंग्रजी एकच ठेवा. मी इंग्रजी इंडिया ठेवलाय कारण त्यात उजवा ऑल्ट आणि ४ दाबलं की रुपयाचं चिन्ह येतं, करारनाम्यात ते लागतंच.

दुसरं काम म्हणजे खरा उपाय, जो फारच कमी लोकांना माहितीय. सेटिंग्ज उघडा, टाइम अँड लँग्वेज, त्यात टायपिंग, त्यात ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज, आणि त्यात तळाशी इनपुट लँग्वेज हॉट कीज म्हणून एक ओळ असते. ती दाबली की विंडोज एक्सपीच्या काळातली वाटावी अशी एक जुनीपुराणी खिडकी उघडते. तिथे प्रत्येक भाषेला तिचं स्वतःचं बटण देता येतं. मी डावा ऑल्ट-शिफ्ट-१ म्हणजे इंग्रजी आणि डावा ऑल्ट-शिफ्ट-२ म्हणजे मराठी असं लावलंय. आता कुठेही असलो तरी २ म्हणजे मराठीच. आधीच मराठीत असलो आणि परत २ दाबलं तर मराठीच राहतं, काही बिघडत नाही. त्यामुळे बघायची गरजच संपली, ईमेल आयडी लिहायच्या आधी हात आपोआप १ मारतो, आधी काय होतं ह्याचा विचारसुद्धा करत नाही. आणि नुसत्या ऑल्ट-शिफ्ट, कंट्रोल-शिफ्टने होणारा बदल त्याच खिडकीत 'नॉट असाइन्ड' करून टाका, म्हणजे कंट्रोल-शिफ्ट-बाणाने शब्द निवडताना हात अर्धवट राहिला आणि लेआउट बदलला असले प्रकार बंद.

कंट्रोल-शिफ्टवर मात्र आकडे लावू नका, तो पर्याय तिथे दिसतो पण एक्सेल वापरत असाल तर पस्तावाल. एक्सेलमध्ये कंट्रोल-शिफ्ट-१ म्हणजे आकड्याला दोन दशांश स्थळं, कंट्रोल-शिफ्ट-४ म्हणजे चलन, ५ म्हणजे टक्के. स्टॅम्प ड्युटीचा हिशोब चालू असताना ह्यांची मारामारी कोणाला हवीय. टक्क्यावरून आठवलं, मूळ इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट-५ ला टक्क्याचं चिन्ह नाही, ज्ञ आहे. शिफ्ट-६ त्र, ७ क्ष, ८ श्र. श्री लिहायला शिफ्ट-८ आणि आर, दोन बटणांत काम होतं हे झकास, पण 'एक टक्का टीडीएस' चिन्हाने लिहायचा तर इंग्रजीत जाऊन यावं लागतं. ही इनस्क्रिप्टची खरी खोट आहे, १९८६ साली जोडाक्षरांसाठी वरची ओळ खर्ची घातली आणि चिन्हं बाहेर बसली.

मराठी चालू असताना कंट्रोल-सी, कंट्रोल-व्ही चालतं का, हा प्रश्न मला सगळे विचारतात. चालतं. विंडोज शॉर्टकटसाठी बटणाचा अंतर्गत नंबर बघतं, त्यावर अक्षर कुठलं आहे ते नाही, त्यामुळे सी वर म असला तरी कॉपी कॉपीच होतं, सेव्ह सेव्हच होतं. अडचण होते ती ब्राउझरमध्ये, जिथे कंट्रोल न धरता एका अक्षराचे शॉर्टकट असतात. वेबसाइट बनवणाऱ्याला दोन पद्धती वापरता येतात, एकात 'कुठलं बटण' कळतं आणि दुसऱ्यात 'कुठलं अक्षर'. ज्याने अक्षर बघितलं त्याच्या साइटवर मराठी चालू असताना शॉर्टकट मेला, कारण त्याला सी हवा आणि इकडून म जातो. मी रोज वापरतो त्या एका मेलच्या साइटचं हेच आहे, नाव घेत नाही, मराठीत असलो की नवीन मेलचं बटण माउसनेच दाबायचं. विम हा प्रोग्रॅमर लोकांचा एडिटर वापरणारे कोणी असाल तर तुम्हाला हे जुनंच दुखणं आहे, नॉर्मल मोडमध्ये, जिथे नुसतं अक्षर म्हणजेच कमांड, मराठी राहिलं की एकही कमांड चालत नाही, त्यासाठी विमच्या आतलाच कीमॅप लावायचा म्हणजे लिहिताना मराठी आणि कमांडला इंग्रजी असं तो स्वतः सांभाळतो.

वर्डमध्ये एक सेटिंग आहे, ऑप्शन्सच्या ॲडव्हान्स्ड भागात, आजूबाजूच्या मजकुराच्या भाषेप्रमाणे कीबोर्ड आपोआप बदलायचा. ऐकायला भारी वाटतं. जुन्या करारनाम्यात दुरुस्त्या करताना खरंच भारी आहे, इंग्रजी शब्दावर कर्सर नेला की इंग्रजी, मराठीवर नेला की मराठी. पण नवीन मजकूर लिहिताना, किंवा कोणीतरी मेलवर पाठवलेल्या फाइलमध्ये जिथे मराठी मजकुरालाच वर्डने इंग्रजी समजलंय, तिथे ते तुमच्या मर्जीविरुद्ध भाषा बदलत राहतं. मी बंद ठेवलंय. ज्यांचं काम फक्त तपासायचं आहे त्यांनी चालू ठेवून बघावं. त्याच ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्जमध्ये प्रत्येक ॲपच्या खिडकीला वेगळा कीबोर्ड लक्षात ठेवायची सोय आहे, वर्ड मराठीत, एक्सेल इंग्रजीत असं ठेवता येतं, ती मात्र चालू करा, त्याने अर्धी अदलाबदल तशीच वाचते.

पासवर्ड. पासवर्डच्या चौकटीत ठिपके दिसतात त्यामुळे मराठी चालू आहे हे कळतच नाही, तीनदा चुकीचा म्हणतो आणि बँकेचं असेल तर खातंच लॉक. कॉम्प्युटर चालू करतानाच्या स्क्रीनवरही खाली उजवीकडे कीबोर्डची भाषा दिसते, तिथे नजर टाकायची सवय लावा. पासवर्ड टाकायच्या आधी ऑल्ट-शिफ्ट-१ मारून मोकळं व्हायचं, गरज असो नसो.

मॅकवाल्यांसाठी थोडक्यात: कंट्रोल-स्पेसने आधीचा कीबोर्ड येतो, आणि सेटिंगमध्ये कॅप्स लॉकने इंग्रजीत ये-जा करायचा पर्याय आहे तो लावा, देवनागरीत कॅपिटल हा प्रकारच नाही त्यामुळे ते बटण नाहीतरी पडूनच असतं. लिनक्सवर गनोम डेस्कटॉपमध्ये सुपर (म्हणजे विंडोजचंच बटण) आणि स्पेस, पण तिथे एक्सकेबीच्या, म्हणजे कीबोर्ड सांभाळणाऱ्या भागाच्या, पर्यायांत माझ्या आवडीची गोष्ट तयारच मिळते, कॅप्स लॉक म्हणजे पहिला लेआउट आणि शिफ्ट-कॅप्स लॉक म्हणजे दुसरा, म्हणजे तेच, ह्या बटणाने हेच. फक्त यादीत इंग्रजी पहिला ठेवा, काही प्रोग्रॅम शॉर्टकट शोधायला पहिल्या लेआउटकडे बघतात.

आता स्टिकर. पाठ झाल्यावर लागत नाहीत पण पाठ होईपर्यंत लागतात, आणि ऑफिसात दुसरं कोणी तुमच्या जागी बसलं तर त्याला लागतात. लॅमिंग्टन रोडला, म्हणजे मुंबईच्या कॉम्प्युटर-इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, गेलो, ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेकडे उतरलं की चालत, तिथे 'मराठी कीबोर्ड' असं विचारलं तर समोरचा ढिम्म. 'हिंदी स्टिकर' म्हणा, लगेच काढून देतो, लिपी तीच. दीडशेच्या आत काम झालं. पण घेताना एक गोष्ट काउंटरवरच बघून घ्या, पाकिटावर काही का लिहिलेलं असेना, के च्या स्टिकरवर क आहे का ते बघा. असेल तर इनस्क्रिप्ट. क जर डी वर दिसला तर तो कृतिदेव ह्या जुन्या फॉन्टचा टाइपरायटर लेआउट आहे, तो लावलात तर बटणावर एक आणि स्क्रीनवर भलतंच. मला आधी तोच पुढे केला होता, "सब सेम है" म्हणून. सेम बिम काही नसतं.

दोन प्रकार मिळतात. पारदर्शक, ज्यात खालचं इंग्रजी अक्षर दिसत राहतं आणि कोपऱ्यात देवनागरी येतं, आणि काळे अपारदर्शक, ज्यात दोन्ही छापलेलं असतं. पारदर्शक दिसायला छान पण काळ्या कीबोर्डवर गडद रंगाची अक्षरं घेतलीत तर ट्यूबलाइटखाली शोधत बसाल, पिवळी किंवा पांढरी घ्या. काळे मॅट जास्त टिकतात. माझ्याकडे टीव्हीएस गोल्ड आहे, तोच टकटक आवाजाचा मेकॅनिकल, बँकांच्या काउंटरवर ऐकला असेल सगळ्यांनी, त्याच्या बटणांना खोलगट आकार आहे त्यामुळे स्टिकर लावताना मधून दाबत कडेला न्यायचं, नाहीतर कोपरे उचलतात. आधी बटणं स्पिरिटने पुसून घ्या, मुंबईच्या घामट हवेत तेलकट बटणावर स्टिकर टिकत नाही. इतकं करूनही ई आणि डी चे, म्हणजे काना आणि हलन्तचे, आधी झिजले, बाकी सगळे अजून आहेत. खरं तर झिजले तेव्हा त्यांच्याकडे बघायची गरजच उरली नव्हती. स्टिकरला पाचपैकी तीन. ऱ छापलेला आहे पण इतका बारीक की ओळखीनेच वाचायचा, आणि ॲ तर कुठेच नाही.

आठवड्यातून दोन मेल मराठीत लिहिणाऱ्याने ह्या भानगडीत पडू नये, फोनेटिक बरा. ज्याचं पोट मराठी टायपिंगवर आहे आणि टाइपरायटरची सवय नाही त्याने इनस्क्रिप्टच घ्यावा, आणि तो शिकायच्या आधी, हो आधीच, त्या जुन्या खिडकीत जाऊन दोन भाषांना दोन बटणं लावून टाकावीत. मी बघितलंय, लोक लेआउट शिकतात, हात बसतो, आणि मग 'सारखं इंग्रजी मराठी होतं' म्हणून कंटाळून परत फोनेटिकवर जातात. लेआउटचा दोष नसतो तो.

आणि स्टिकर घ्यायला जाणार असाल तर रविवार धरू नका, लॅमिंग्टन रोडची बहुतेक दुकानं बंद असतात. शनिवारी दुपारी गर्दी असते पण भाव करायला तीच वेळ बरी.